टेन्शन आलं की आधी अंगात बघा: बुद्ध आणि पतंजलींची शिकवण रोजच्या जगण्यात कशी वापरायची

आपल्याकडं ध्यान म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दोनच गोष्टी येतात, एक डोंगरात बसलेला साधू नाहीतर पुण्या-मुंबईच्या कंपनीतलं वर्कशॉप, आणि मधला जो माणूस आहे, ज्याचं सोयाबीन भाव नाही म्हणून अजून घरात पडून आहे, ज्याची पोरगी लातूरला नीटच्या क्लासला आहे, ज्याला रात्री दोनला मोटर चालू करायला उठावं लागतं कारण लाईट तेव्हाच येते, त्याला वाटतं की हे आपलं काम नाही. मला उलट वाटतं. ज्याच्या मागं व्याप जास्त त्यालाच हे जास्त लागतं. यासाठी मॅट नको, अ‍ॅप नको, देव सोडायला नको, धर्म बदलायला नको.

आणि हे कुठून बाहेरून आलेलं पण नाही. अजिंठा, वेरूळ आपल्याच मराठवाड्यात आहेत. आपण तिथं जाऊन पद्मपाणीचा फोटो काढतो आणि परत येतो, पण त्या विहारांमधल्या अंधाऱ्या छोट्या खोल्या कशाला होत्या हे फार कमी जण विचारतात. भिक्खू पावसाळ्यात तिथं मुक्काम करायचे, शिकायचे आणि मन बघायचे. मन कसं चालतं याचा इतका बारीक अभ्यास आपल्या उंबऱ्यावर झालाय आणि आपण टेन्शन आलं की गुटखा नाहीतर रील शोधतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी थोडी थिअरी, थोडीच

बुद्धांनी मनाची जी साखळी सांगितली तिच्यातला आपल्या कामाचा तुकडा असा आहे: डोळा, कान, जीभ, कातडी, मन यांचा कशाशी तरी संपर्क होतो, संपर्कातून वेदना होते, म्हणजे नुसतं जाणवणं, दुखणंच असं नाही, वेदनेतून तृष्णा, म्हणजे हे पाहिजेच किंवा हे नकोच, आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे ते धरून बसणं. इथं वेदना तीन प्रकारची असते, सुखद, दुःखद आणि धड सुखद नाही धड दुःखद नाही अशी. पतंजलींच्या योगसूत्रात दुसऱ्या पादात, म्हणजे भागात, हेच दोन एवढ्याशा सूत्रांत आलंय, सुखानुशयी रागः आणि दुःखानुशयी द्वेषः, सुखाच्या मागोमाग ओढ येते आणि दुःखाच्या मागोमाग तिटकारा येतो.

दोघं सगळं एकच सांगतात असं मी म्हणणार नाही. योगदर्शन पुरुष, म्हणजे न बदलणारा आत्मा, मानतं आणि बुद्ध अनात्म, म्हणजे असा कायमचा आत्मा नाही असं, सांगतात, तो वाद मोठा आहे आणि खरा आहे. पण रोजच्या जगण्यात काम कुठं करायचं ती जागा दोघांनी एकच दाखवलीय, वेदना झाल्यावर आणि आपण त्यावर काही करून बसायच्या आधी जी जराशी फट असते ती.

उदाहरण घ्या. मोबाईलवर फायनान्सवाल्याचा नंबर दिसला. पोटात गोळा आला. हा गोळा म्हणजे वेदना. मग तुम्ही फोन उलटा करून ठेवला, ही तृष्णा, नको असण्याची. तेवढ्यात बायको म्हणाली, "कुणाचा फोन आहे ओ, उचलत कामून नाहीत?" आणि तुम्ही तिच्यावर खेकसलात. हप्ता होता तिथंच राहिला, घरात मात्र दोन दिवस अबोला. हे सगळं पाच सेकंदात होतं आणि सगळी साधना म्हणजे त्यातलं दुसरं सेकंद दिसायला लागणं, बाकी काही नाही.

पायरी १: दहा मिनिटं श्वासापाशी बसा

वेळ तुमच्या घराप्रमाणं ठरवा. खेड्यात असाल तर धारा काढायच्या आधी, शहरात असाल तर नळाला पाणी यायच्या आधी, उन्हाळ्यात पहाटे गच्चीवर बसलात तर फारच छान. मांडी घालून बसता आलं तर बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर, पाठ ताठ पण ताणलेली नको. मोबाईल फ्लाईट मोडवर टाकून दहा मिनिटांचा टायमर लावा आणि नाकाशी श्वास येतो-जातो तो फक्त बघा. लांब असला तर लांब आहे, आखूड असला तर आखूड आहे. याला आनापान म्हणतात. यात श्वास बदलायचा नाही. प्राणायामात आपण मुद्दाम बदलतो, तोही चांगला आहे, पण दोन्हीची खिचडी करू नका, प्राणायाम करायचा तर आधी करून घ्या आणि मग नुसतं बघत बसा.

मन पळणार. दोन श्वास झाले की ते मोंढ्यात जाणार, भावकीच्या बांधावर जाणार, काल कोण काय बोललं तिथं जाणार. पळालेलं लक्षात आलं की परत श्वासावर यायचं, स्वतःवर न चिडता. नवीन माणूस इथंच सोडून देतो, म्हणतो की माझं मन लागतच नाही, हे माझ्याच्यानं होणार नाही. अहो, मन पन्नास वेळा गेलं आणि तुम्ही पन्नास वेळा आणलं तर तुमचा पन्नास वेळा व्यायाम झाला, तेवढंच तर करायचं होतं. मन कोरं करायचा प्रयत्न करू नका, ते कुणाचंच होत नाही आणि त्या नादात डोकं दुखायला लागतं.

झोप येत असेल तर त्यावर स्वतः बुद्धांनी आपल्या मोग्गलान नावाच्या शिष्याला दिलेला सल्ला सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशाच्या पाली ग्रंथात, आहे आणि तो इतका साधा आहे की मला फार आवडतो: कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ, डोळ्याला पाणी लाव, वर बघ, चारी दिशा बघ, चांदण्या बघ, तरी नाही गेली तर चालायला लाग, आणि तरीही नाहीच गेली तर उजव्या कुशीवर झोप पण उठायचं ठरवून झोप. दिवसभर रानात राबलेल्या माणसाला बसल्या बसल्या डुलकी येणारच, त्यात अपराध काही नाही.

पायरी २: एकच काम निवडा आणि ते पूर्ण करताना तिथंच रहा

बायका सांगतात की आम्हाला बसायला दहा मिनिटं कुठली, आणि ते खरं आहे. मग भाकरी घ्या. परातीत ज्वारीचं पीठ, त्यात गरम पाणी, हाताला लागणारा चटका, मळताना पीठ कुठल्या क्षणाला एकजीव होतं, थापताना दोन्ही हातांचा आवाज, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवणं, मग ती फुगणं. पहिल्या भाकरीपासून शेवटच्या भाकरीपर्यंत मन हातात ठेवायचं, गेलं की परत आणायचं, श्वासासारखंच. सतिपट्ठान सुत्तात चालणं, उभं राहणं, खाणं, पिणं, कपडे घालणं, अगदी शौचाला जाणं इतक्या साध्या गोष्टी मोजून सांगितल्यात, म्हणजे ही माझी पळवाट नाही, मूळ शिकवणीतच ते आहे.

पुरुषांनी बांधावरून चालणं घ्यावं, गाडी चालवणं घ्यावं, जेवण घ्यावं. मोबाईल बाजूला ठेवून एक वेळचं जेवण करून बघा, कुठला घास शेवटचा हवा होता आणि कुठले दोन उगाच खाल्ले ते कळायला लागतं. सगळी कामं एकदम सजगपणे करायला जाऊ नका, ते जमत नाही. एक काम, महिनाभर, तेच.

पायरी ३: वेदना ओळखा (ही खरी पायरी)

बाकी काही जमलं नाही तरी चालेल पण ही करा. दिवसातून आठवेल तेव्हा थांबून स्वतःला विचारायचं, आत्ता अंगात कसं वाटतंय? बरं, वाईट, की काहीच नाही? एवढंच. का वाटतंय, कुणामुळं वाटतंय, ते नंतर. छाती, पोट, जबडा, खांदे, कपाळ, या पाच जागा तपासा, बहुतेक सगळं इथंच सापडतं. राग आला की काहींचा जबडा आवळतो, काहींचे कान तापतात, भीतीनं पोट ओढतं, अपमान झाला की चेहरा गरम होतो. तुमचा नकाशा तुमचा तुम्हालाच काढावा लागेल.

वाईट वेदना सगळ्यांना कळते. फसवते ती तिसरी, काहीच-नाही वाली. बस स्टँडवर गाडीची वाट बघत बसलात, अंगात ना बरं ना वाईट, आणि हात आपोआप खिशात जातो, मोबाईल निघतो, आणि अर्ध्या तासानं मान दुखायला लागते तेव्हा कळतं की आपण काय बघत होतो ते पण आठवत नाही. मोबाईल वाईट आहे असं मी म्हणत नाही. हात खिशात जाताना एक श्वास थांबा आणि आत काय होतं ते बघा, कंटाळा होता, एकटं वाटत होतं, की काहीतरी टाळायचं होतं. बघून झालं की पाहिजे तर खुशाल काढा मोबाईल. आठ-दहा दिवसांत तुम्हाला दिसेल की निम्म्या वेळा काढावासाच वाटत नाही.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारणाचं कुणी काही टाकलं की पण हेच करा. टाईप करायच्या आधी कपाळ आणि छाती तपासा. तापलेली असली तर तीन श्वास जाऊ द्या, आणि उत्तर द्यायचंच असेल तर मग द्या.

आता जड गोष्ट. संयुत्त निकाय या सुत्तांच्या संग्रहात दोन बाणांचं एक सुत्त आहे. माणसाला एक बाण लागतो, तो दुखतो, आणि त्या दुखण्यावर तो तळमळतो, चिडतो, रडतो, तो जणू दुसरा बाण. ही शिकवण अंगी बाणलेल्या माणसाला पहिलाच बाण लागतो, दुसरा लागत नाही. आपल्याकडं गारपीट झाली, हाताशी आलेला हरभरा झोपला, हा पहिला बाण आहे आणि तो खराच आहे, नुकसान खरं आहे, कर्ज खरं आहे, त्याला मनाचे खेळ म्हणणारा माणूस मला आवडत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर जे सुरू होतं, की लोक काय म्हणतील, मीच करंटा, पोरीचं लग्न आता कसं, गेल्या साली विकून टाकायला पाहिजे होतं, बाप असता तर असं झालं नसतं, हे दुसरा बाण, तिसरा, दहावा. पंचनामा, विमा, बँक ही कामं पहिल्या बाणासाठी आहेत आणि ती करावीच लागतात. सजगता दुसऱ्या बाणासाठी आहे. दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

पायरी ४: आलेल्याला नावानं ओळखा

बुद्धांनी मनाला झाकणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्यात, पाच नीवरणं: कामच्छंद म्हणजे हवंहवंसं वाटणं, व्यापाद म्हणजे चीड, थीनमिद्ध म्हणजे सुस्ती, उद्धच्चकुक्कुच्च म्हणजे अस्वस्थपणा आणि मागचा पस्तावा, आणि विचिकिच्छा म्हणजे शंका, की हे सगळं करून काही होणारे का. पतंजलींनी अशाच नऊ अडथळ्यांची यादी दिलीय, तिच्यात आजारपण, संशय, आळस, प्रमाद म्हणजे हलगर्जीपणा हे येतात. सगळी पाठ करायची गरज नाही. काहीतरी मनात घुमायला लागलं की मनातल्या मनात म्हणायचं, ही चीड आहे. हा पस्तावा आहे. ही शंका आहे.

यानं काय होतं? अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात भिंतीवर मार आपली फौज घेऊन बुद्धांवर चालून आलाय ते शिल्प आहे, पुढच्या वेळी गेलात तर झोपलेल्या मोठ्या बुद्धमूर्तीबरोबर हे पण नीट बघा. मार म्हणजे मनाला भुलवणारा, घाबरवणारा. बुद्ध त्याच्याशी लढत नाहीत, एक हात जमिनीला लावून बसलेत. पाली सुत्तांमध्ये मार पुढं पण पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या रूपात येतो आणि बहुतेक वेळा गोष्ट एकाच जागी संपते, यांनी मला ओळखलं असं त्याला कळतं आणि तो हिरमुसून निघून जातो. ज्ञान मिळाल्यावर सुद्धा तो यायचा थांबला नव्हता, हे मला फार धीर देणारं वाटतं. म्हणजे तुम्हाला आज परत राग आला तर साधना वाया गेली असं काही नाही.

पायरी ५: रात्रीच्या विचारांसाठी

दोन वाजता जाग येते आणि डोकं सुरू होतं, हे तर घरोघर चाललंय. मज्झिम निकाय या दुसऱ्या संग्रहातल्या विसाव्या सुत्तात यावर पाच उपाय क्रमानं दिलेत. पहिला, वाईट विचाराच्या जागी दुसरा चांगला विचार आणायचा, पतंजली यालाच प्रतिपक्षभावना म्हणतात. एखाद्याचा राग घुमत असेल तर ज्यानं कधीतरी आपल्यासाठी काही केलं अशा माणसाला आठवा, अगदी चेहऱ्यासकट. दुसरा, या विचारानं माझं काय नुकसान होतंय ते बघायचं, झोप गेली, पित्त वाढलं, सकाळी पोरांवर चिडणार. तिसरा, लक्षच द्यायचं नाही. चौथा, विचार हळू करत न्यायचा, हा कुठून सुरू झाला, त्याच्या आधी काय होतं, त्याच्या आधी काय. पाचवा, दात आवळून नेटानं दाबायचा, आणि तो पाचवा म्हणजे शेवटचाच आहे हे लक्षात घ्या, आपण बहुतेक लोक त्यानंच सुरुवात करतो आणि मग जमत नाही म्हणतो. मला स्वतःला चौथ्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. अजून एक, उठून कागदावर उद्याचं एक काम लिहा आणि दिवा बंद करा, हे कुठल्या सुत्तात नाही पण चालतं.

पायरी ६: माणसांसोबत

मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. ही चारही बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून आहेत आणि योगसूत्राच्या पहिल्या पादात ३३ वं सूत्र पण याच चारांचं आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं वागणाऱ्याविषयी आनंद, वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा, अशानं चित्त प्रसन्न राहतं.

सगळ्यात अवघड मुदिता, हे मी छातीठोकपणे सांगतो. भावकीतल्या पोराला एमबीबीएसची सीट लागली, गावात त्याचं बॅनर लागलं, आणि आपलं पोरगं दुसऱ्यांदा रिपीट करायलंय. पेढा हातात घेताना छातीत जे होतं ते आधी बघा, पायरी ३. ते नाकारू नका. मग मनात एकदाच म्हणा, यानं कष्ट केले, याचं चांगलं होवो. खरं वाटलं नाही तरी म्हणा. आणि घरी जाऊन पोराला त्या मुलाचं उदाहरण देऊ नका, ते पोरगं आधीच तुमच्या दुप्पट जळत बसलंय.

उपेक्षेबद्दल मात्र लई गैरसमज आहे. उपेक्षा म्हणजे मन समतोल ठेवणं, अन्याय गिळून गप्प बसणं नव्हे. कुणी दाखल्यासाठी पैसे मागत असेल, सासरी कुणी मारत असेल, मजुरी बुडवत असेल, तर तिथं श्वास बघत बसायचं नसतं, तक्रार करायची असते, फक्त थरथरत न करता शुद्धीवर राहून करायची. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून लोक १९७८ पासून १९९४ पर्यंत लढले, घरंदारं जळाली तरी हटले नाहीत, तिथं बुद्ध म्हणजे गप्प बसणं असं कुणी शिकवत असेल तर त्याचं ऐकू नका.

पायरी ७: वागणूक

ही थोडक्यात. बुद्धांचं पंचशील काय किंवा योगातले यम, म्हणजे वागण्याचे नियम, काय, हिंसा, खोटं, चोरी यापासून लांब रहा हे दोन्हीकडं ध्यानाच्या आधी येतं. कारण सरळ आहे, दिवसभर खोटं बोललेलं मन रात्री बसत नाही. पंचशीलात दारूपासून लांब राहणं पण आहे, पिऊन सजगता होत नाही, त्यात मधला मार्ग मी तरी सांगू शकत नाही.

कोर्सला जावं का, आणि कुणी जाऊ नये

सत्यनारायण गोयंकांनी म्यानमारमधून येऊन १९६९ मध्ये भारतात विपश्यना, म्हणजे अंगात-मनात जे होतं ते बघायचं हे ध्यान, शिकवायला सुरुवात केली, १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. कोर्स दहा दिवसांचा असतो, फी नसते, पूर्ण झाल्यावर वाटलं तर दान. मौन असतं, मोबाईल जमा करावा लागतो, पहिले दिवस आनापान आणि मग अंगावरच्या संवेदना. चांगला आहे, पण अवघड आहे, आणि घरी कधीच न बसलेल्या माणसानं आधी दोन-तीन महिने पायरी १ करून जावं असं माझं मत आहे. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये बौद्ध ध्यान आणि योग यांतून जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी एक कार्यक्रम बसवला, आता कितीतरी दवाखान्यांत तो वापरतात, म्हणजे डॉक्टर लोक पण याला आता बाहेरचं मानत नाहीत.

पण हे नीट वाचा. ज्याला खोल नैराश्य आहे, जीव नकोसा वाटतोय, आवाज ऐकू येतात, किंवा मोठा आघात झालाय, त्यानं डोळे मिटून एकटं बसू नये आणि लांबच्या मौनाच्या कोर्सला डॉक्टरला न विचारता जाऊ नये, त्रास वाढू शकतो. चालू असलेल्या गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी "आता काही राम राहिला नाही" असं बोलायला लागलं तर त्याला ध्यान शिकवू नका, त्याच्याजवळ बसा आणि हा नंबर लावून द्या. आणि कुणाला श्वासाकडं बघितलं की घाबरल्यासारखं होत असेल तर श्वास सोडून द्या, डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकलेत ते बघा, आजूबाजूचे आवाज ऐका, तेवढंही पुरतं.

टिकवायचं कसं

पतंजली म्हणतात अभ्यास, म्हणजे सराव, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरानं केला तर पक्का होतो. यातलं खंड न पाडता हे सगळ्यात महत्त्वाचं. सुगीत, लग्नसराईत, पोरांच्या परीक्षेत दहा मिनिटं मिळणार नाहीत, तेव्हा तीन करा पण करा. सुटलं तर दुसऱ्या दिवशी डबल करायला जाऊ नका, नेहमीएवढंच करा. एकट्याला जमत नसेल तर कुणाला तरी सोबत घ्या, बुद्धविहारात पौर्णिमेला सामूहिक बसणं असतं का ते विचारा, संभाजीनगरला असाल तर विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातली लेणी आहेत, अजिंठ्याइतकी गर्दी नसते, सकाळी जाऊन कोपऱ्यात निवांत बसता येतं.

पोरांना शिकवायचं असेल तर अभ्यासाला बसायच्या आधी पाच मिनिटं आनापान, तुम्ही पण सोबत बसून. यानं मार्क वाढतील असं सांगू नका, नाहीतर त्याला ते पण एक टेन्शन होईल. आणि नको म्हणालं तर सोडून द्या, तुम्ही बसत रहा, त्याला वाटलं तर येऊन बसेल.